गोणपाट आल्फची गोष्ट

वरीगल,
११ मार्च १९६७

प्रिय आल्फ,

तू बरा असशील असं धरून चालतो. रॉकहॅम्प्टनला या दिवसांत उकाडा फार होत असेल आणि रेल्वेच्या कारखान्यात तर विचारूच नकोस. इकडे आम्ही ठीक आहोत. तुझ्या डोरीनवहिनीचे गुडघे दुखतात, पण ती तक्रार करत नाही. आमची जून तेरा वर्षांची झाली. पायातली लोखंडी पट्टी आता फक्त डाव्या पायाला आहे. परवा तिने लिहिलं की शाळेच्या जिन्यावरून ती कुणाचा हात न धरता उतरली. दर नाताळच्या कार्डात तू तिची चौकशी करतोस आणि मी दर वर्षी 'बरी आहे' एवढंच लिहून मोकळा होतो. म्हणून या खेपेला जरा सविस्तर लिहिलं.

मी बुराडीनच्या लोकर कातरायच्या शेडमधून परवा निघून आलो. काम अजून संपलेलं नाही, सहा हजार मेंढ्या बाकी असतील. पाठीने दगा दिला म्हण. इथे मिसेस क्रॉलीच्या खाणावळीत वरच्या मजल्यावर खोली घेतली आहे. खिडकीतून स्टेशन दिसतं. गाडी सोमवारी आहे. तोवर करायला काही नाही, म्हणून कागद मागवून घेतला.

पाठीचं खरं सांगायचं तर ती गेली पाच वर्षं गेल्यातच जमा आहे. सकाळी खाटेवरून उठताना मी आधी कुशीवर होतो, मग गुडघ्यावर, मग भिंत धरून उभा. सकाळी घंटा होते आणि पहिली मेंढी दोन्ही गुडघ्यांत धरून वाकलो की एक कळ कमरेतून निघून थेट दातापर्यंत जाते. संध्याकाळपर्यंत मग वाकलेलाच राहतो. छप्पन्न वर्षं म्हणजे काय फार नाही, पण मेंढ्यांना आपलं वय कळत नाही. तुझ्या त्या दिवसाला दोनशे मेंढ्या मला कधीच जमल्या नाहीत. आता शंभरी गाठली तर मी चहाच्या सुट्टीत एक बिस्कीट जास्त खातो.

तरी शेडवाले मला घेत होते, ते गप्पांसाठी. हे तुला ठाऊक नसेल, तू या धंद्यातून गेल्यावर माझं फार नाव झालं. 'मर्व टलक आहे का टोळीत?' असं विचारून लोक कामाला येतात. त्या वळ्यावळ्यांच्या एडक्याची माझी थाप तर न्यू साउथ वेल्सपर्यंत पोचली आहे. एडक्याच्या मानेला इतक्या वळ्या होत्या की सोमवारी सकाळी मी कातरायचं मशीन घेऊन एका वळीत शिरलो तो बुधवारी जेवणाच्या वेळी बाहेर आलो, आणि आत मला गेल्या वर्षीच्या कातरणाऱ्याचा पाइप सापडला, अजून गरम! दुसरी ओटो लिंडनरच्या पुडिंगची. ओटो आमचा आचारी, सत्तरीला टेकलेला जर्मन, मिशा मळकट, बोलणं मोजकं. मी सगळ्यांसमोर सांगायचो की कुंपणाचा एक खांब खचत होता, त्याच्याखाली आम्ही ओटोचं पुडिंग घातलं. वाळवी आली, खांब खाऊन गेली, पुडिंगला तोंड लावलं नाही. ओटो मागून वाढत असायचा. तो म्हणायचा, "मर्विन, तुला दोन वाढतो. तुझ्या खाली काहीतरी पाहिजेच." सगळे हसून लोळायचे.

हे सगळं तुला का सांगतोय? कारण दुसरं सांगायला जीभ वळत नाही. बघू या, हाताला जमतंय का.

या आठवड्यात बुराडीनला पाऊस झाला. मार्चमध्ये, चार दिवस. मेंढ्या भिजल्या. ओल्या लोकरीला हात लावला की अंग धरतं, हे तुला सांगायला नको. मेंढ्या ओल्या की कोरड्या यावर नेहमीप्रमाणे चिठ्ठ्या टाकल्या, बारापैकी अकरा जणांनी 'ओली' लिहिलं आणि काम बंद झालं. काळ्या मातीत गाड्या अडकलेल्या, गावाला जायची सोय नाही. मग दुपारी सगळे राहायच्या खोपटाच्या ओसरीवर बसायचे. पत्त्यांना कंटाळल्यावर थापा सुरू.

त्या टोळीत एक नवा आला होता, नॉर्म पिकेट. बर्कच्या बाजूचा, तिशीतला, तांबडे केस, हाताला चपळ. मनाने वाईट नाही. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "तुम्हा लोकांना गोणपाट आल्फची गोष्ट ठाऊक आहे का?"

दोघा-तिघांना ठाऊक होती. त्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं नाही, आल्फ, हे मी नीट बघितलं. म्हणजे तो कुणाचा भाऊ हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांच्या लेखी तो कुणाचाच कोणी नव्हता, नुसता गोष्टीतला माणूस होता.

"सांग की," कुणीतरी म्हणालं.

आणि त्याने सांगितली. संपाच्या वर्षी आल्फ नावाचा एक संपफोड्या चोरून कातरायला गेला. कुणी ओळखू नये म्हणून डोक्यावर गोणपाट चढवलं, डोळ्यांना दोन भोकं पाडली. दोन तासांत घामाने गोणपाट फिरलं आणि भोकं गेली कानामागे. आता ते काढावं तर चेहरा दिसतो, म्हणून तो तसाच आंधळेपणाने कातरत राहिला. पुढ्यात येईल ते पकडायचं आणि कातरायचं. मेंढ्या झाल्या. मेंढ्या राखणारा कुत्राही कातरून झाला. मग मालकाचा सासरा काम बघायला वाकला, तर त्याची पोटापर्यंतची दाढी एका झटक्यात उतरली. लोकरीची प्रत ठरवणाऱ्याने ती उचलून उजेडात धरली, दोन बोटांनी ताणली आणि म्हणाला, "धागा दमदार आहे. तंबाखूचा डाग आहे, म्हणून दुसऱ्या ढिगात टाका."

लोक हसले. मीही हसलो, आल्फ. सवयच तशी, तोंड आपोआप उघडतं.

पण नॉर्मची गोष्ट तिथे संपली नाही. त्याच्याकडे तिचं पुढचं शेपूट होतं. ते मी आधी कधी ऐकलं नव्हतं. तो म्हणाला, "पुढची गंमत तर ऐका! दिसेना म्हटल्यावर आल्फने घरून आईला आणलं. म्हातारी त्याच्या शेजारी स्टुलावर बसायची, त्याच्या गोणपाटाला सुतळी बांधलेली, आणि बैलाच्या कासऱ्यासारखी ती सुतळी ओढून सांगायची, 'बाळा, डावीकडे! अरे, ते मेंढीचं नाही, साहेबाचं ढुंगण आहे!'"

नॉर्मने म्हातारीचा आवाज काढला, चिरका. कुणीतरी बाकावरून खाली पडलं.

आपल्या आईचा आवाज चिरका नव्हता.

संपाच्या वर्षी त्या नऊ दिवसांत तू कुठे होतास हे तिला माहीत होतं. आपल्या दोघांशिवाय फक्त तिलाच. तू तिच्याकडे छपराचे पत्रे बदलत होतास. आणि मी 'ब्रिस्बेनला डोरीनकडे जातो' असं संपाच्या छावणीत सांगून पायपर्स वॉटरच्या शेडमध्ये मालकाच्या मेंढ्या कातरत होतो. जून दोन वर्षांची होती, इस्पितळात होती, पाय हलवत नव्हती. संपाला पाच महिने झाले होते. हे मी कारण म्हणून लिहितो का? तसं नाही. छावणीतल्या कितीतरी जणांची पोरं आजारी होती आणि ते गेले नाहीत.

पुढचं तू माझ्यापेक्षा चांगलं जाणतोस. पायपर्स वॉटरला कातरणाऱ्यांच्या यादीचा कागद छावणीत आला. त्यावर नुसतं 'टलक' लिहिलेलं. संपाच्या समितीने नदीकाठी सगळ्यांसमोर विचारलं, "दोघांतला कोण?" मी तोंड उघडत होतो. ते आता कुणाला पटणार नाही, पण मी खरंच उघडत होतो. तेवढ्यात तू उठलास आणि म्हणालास, "मी." आणि खाली बसून बुटाची नाडी बांधायला लागलास. नंतर तंबूत मी रडलो तर तू म्हणालास, "मला बायको ना पोर. दोन वर्षं युनियनचं कार्ड काढून घेतील, कुठेतरी कुंपणं बांधीन. तू गप्प बस म्हणजे झालं." आईलाही तूच गप्प बसवलंस.

इथपर्यंत तुला सगळं ठाऊकच आहे. हे तुला सांगण्यासाठी मी कागद मागवला नाही.

जे तुला ठाऊक नाही ते असं. गोणपाट आल्फची गोष्ट मी केली.

संपाच्या पुढच्या वर्षी, कूरन लेकच्या शेडमध्ये. जेवताना एकाने विचारलं, "टलक म्हणजे ते संपफोडे टलक का? दोन भाऊ होते ना, त्यातला तू कुठला?" सगळ्यांचे चमचे थांबले. तू तेव्हा दूर कुठेतरी कुंपणं बांधत होतास. नुसतं 'माझा भाऊ' एवढं म्हणून मला भागवता आलं असतं. पण त्या माणसाची नजर हलेना. माझ्या तोंडातून निघालं, "अरे, तो आल्फ? त्याने डोक्यावर गोणपाट घातलं होतं, हे नाही का ऐकलं तुम्ही?" पुढचं आपोआप येत गेलं. कुत्रा आला, सासरा आला, दाढी आली. तंबाखूच्या डागाला तर लोक टेबलं बडवत होते. जो माणूस मला विचारत होता, तो डोळे पुसत माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "तुझ्यासारखा माणूस टोळीत पाहिजे बुवा."

त्या दिवसानंतर मला कुणी काही विचारलं नाही. मी थापाड्या झालो तो त्या जेवणापासून. त्याआधी मी कधी चार माणसांत तोंड उघडलं नव्हतं. तुला आठवत असेल, घरात गमत्या तूच होतास.

मला वाटलं, एका शेडची गोष्ट एका शेडमध्ये राहील. पण ती माझ्या आधी पुढच्या शेडमध्ये पोचलेली असायची. तुझी दोन वर्षं संपली, तू कार्ड घेऊन परत आलास. नुसता संपफोड्या असतास तर लोक विसरले असते. बाकीच्यांचं विसरलेच की. पण हसू विसरत नाहीत. तू ज्या दिवशी तुझ्या जागेवर आलास आणि खुंटीला दोन भोकांचं गोणपाट लटकवलेलं होतं, त्या दिवशी तू एक शब्द न बोलता ते घडी करून ठेवलंस, मशीन उतरवलंस आणि चालत गाडीपर्यंत गेलास. हे मला दुसऱ्यांकडून कळलं. तेसुद्धा हसत सांगत होते.

आणि आईच्या मातीच्या वेळी चर्चच्या फाटकापाशी कुणीतरी 'गोणपाट' असं कुजबुजलं. तू मला म्हणालास, "मर्व, ही गोष्ट कुणी काढली ते एकदा कळायला हवं. मारणार नाही. फक्त विचारीन, माझं काय चुकलं होतं?"

मी म्हणालो, "कळलं की सांगतो."

सहा वर्षं झाली. आता सांगतोय.

त्या दुपारी ओसरीवर नॉर्म चिरक्या आवाजात 'बाळा, डावीकडे' म्हणत होता आणि मी उठून उभा राहिलो. पाठीमुळे नीट उभंही राहता येत नव्हतं, खांब धरला. म्हणालो, "ती माझी आई. आणि आल्फ माझा धाकटा भाऊ. तो कातरायला गेलाच नव्हता. पायपर्स वॉटरला मी कातरलं, नऊ दिवस. त्याने माझ्यासाठी आळ स्वतःच्या अंगावर घेतला आणि ही गोष्ट मी माझ्या तोंडाने बनवली."

नॉर्मने मांडीवर थाप मारली. "आयला! ह्याला म्हणतात उस्ताद! चेहरा बघा, चेहरा! डोळ्यांत पाणी पण आणलंन!"

सगळे फुटले. मी शपथ घेतली, ते आणखी हसले. मी जूनचं नाव घेतलं, इस्पितळाचं घेतलं. एकजण पोट धरून म्हणाला, "मर्व, बास कर रे, श्वास लागला." नॉर्मने येऊन माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, "लोक म्हणतात तुझ्यासारखा थापाड्या नाही. आज पटलं. मी हरलो." मनापासून म्हणत होता. मी त्याचा हात झिडकारला तेही त्यांना नाटक वाटलं.

अकरा वर्षांत एकदाच खरं बोललो, आल्फ, आणि त्याला बक्षीस मिळालं.

मी स्वयंपाकघरात जाऊन बसलो. ओटो बटाटे सोलत होता. वर न बघता तो म्हणाला, "खरं होतं ना ते?"

"तुला कसं कळलं?"

"थाप मारायच्या आधी तू स्वतः गालात हसतोस. आज हसला नाहीस."

मी म्हणालो, "कुणी मानत नाही, ओटो. काय करू?"

"तोंडाने सांगितलंस तर कसं मानतील? तुझ्या तोंडाला ते ओळखतात." सुरी त्याने फडक्याला पुसली. "लिहून दे. सही कर. आणि कीथकडे दे. कागदावर कुणी हसत नाही."

कीथ डार्लिंगटन आमच्या शेडचा युनियनचा प्रतिनिधी. शिस्तीचा माणूस, चष्मा नाकावर. दुसऱ्या सकाळी मी त्याला दोन पानं दिली. पायपर्स वॉटरच्या तारखा, माझ्या शेजारी कातरणाऱ्या दोघांची नावं, त्यातला एक अजून जिवंत आहे, आणि खाली सही. सोबत माझं कार्ड. त्याने उभ्यानेच वाचलं, मग खाली बसून पुन्हा वाचलं.

"मर्व, अकरा वर्षं झाली. कोण विचारतंय आता?"

"माझा भाऊ."

"हे मी पुढे पाठवलं तर तुला कुठल्याच शेडमध्ये उभं करणार नाहीत. ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

"या वयात करशील काय दुसरं?"

मी म्हणालो, "जेवणाच्या वेळी वाचून दाखव. सगळं. गाळू नकोस."

त्याने वाचलं. ओटोने वाढणं थांबवलं. कीथला आवाजात चढउतार करता येत नाहीत, सरकारी नोटीस वाचावी तसं त्याने वाचलं, आणि त्यामुळेच सगळ्यांना ते पटलं. तुझं नाव आलं तिथे तो चष्मा सारखा करायला थांबला. आईबद्दलचं एक वाक्य मी मुद्दाम घातलं होतं, की मार्गारेट टलकने धाकट्या मुलाच्या शब्दाखातर तोंड मिटलं आणि तशीच गेली. वाचून झाल्यावर एक म्हातारा कातरणारा उठला, आपलं ताट घेऊन दुसऱ्या टेबलाला जाऊन बसला. मग दुसरा उठला. मग सगळे. कुणी शिवी दिली नाही. ती दिली असती तर बरं झालं असतं. लांबलचक टेबलाला मी एकटा उरलो.

नॉर्म मात्र शेवटपर्यंत बसून होता. तो पांढराफटक पडला होता. म्हणाला, "ते म्हातारीचं... ते मी स्वतः घातलं होतं. गेल्या वर्षी. हसू वाढावं म्हणून." आणि मग तोही ताट घेऊन उठला.

त्याला मी काय दोष देऊ?

दुसऱ्या दिवशी पाऊस थांबला आणि टपालाचा ट्रक आला, त्यातून मी वरीगलला आलो. ओटोने पाव आणि थंड मटण कागदात बांधून दिलं. निरोप द्यायला तो एकटाच होता. कीथने कागद युनियनच्या वरच्या कचेरीत पाठवलाय. तो म्हणतो, या हंगामात प्रत्येक शेडमध्ये तो वाचला जाईल, मी मागे लागून तसं लेखी घेतलं आहे. तुझं नाव संपफोड्यांच्या यादीतून निघेल. गोष्ट लगेच मरणार नाही, हे मी तुला खोटं सांगत नाही. कुठेतरी कुणीतरी अजून काही वर्षं ती सांगेल. पण निदान आता ऐकणाऱ्यांतला एखादा म्हणेल, 'ते तसं नव्हतं.'

डोरीनला काल सगळं लिहिलं. तिला पायपर्स वॉटरचं ठाऊक होतं, गोष्टीचं नव्हतं. जूनला काय सांगायचं ते तिच्यावर सोडलंय. एवढं मात्र मी लिहिलं, की जूनचा काका ज्या दिवशी नदीकाठी उठला, तो तिच्यासाठी उठला, आणि हे तिला माझ्या तोंडून नाही तर तिच्या आईच्या तोंडून कळू दे.

तू मातीच्या दिवशी विचारलंस, तुझं काय चुकलं. काहीच नाही, आल्फ. माझ्यापेक्षा तू चांगला होतास आणि ते मला रोज दिसत होतं, एवढंच. तुझ्यावर लोक हसले की मला ते थोडं कमी दिसायचं. हे वाक्य लिहायला सकाळपासून बसलो, ते दुपारचे तीन वाजले.

मी रॉकहॅम्प्टनला येत नाही. तुझ्या दारात उभं राहून तुला काहीतरी बोलायला भाग पाडणं, हे पुन्हा तुझ्याकडून काहीतरी घेणंच होईल. सोमवारच्या गाडीने ब्रिस्बेनला जातो. डोरीनच्या बहिणीचा पत्ता तुझ्याकडे आहे. त्यावर लिहिलंस तर मी वाचीन. नाही लिहिलंस तरी नाताळला कार्ड पाठवीन, आणि त्यात जूनचं सगळं लिहीन.

आता थांबतो. हात दुखतो आहे, पाठीपेक्षा जास्त.

तुझ्या गप्प बसण्यावर अकरा वर्षं जगलेला,
मर्विन